वरचा रुपया

जोगळेकर साहेब, बेरीज पुन्हा करू नका, बरोबर आहे.
पेटीत पाच हजार सहाशे एकेचाळीस,
वहीत पाच हजार सहाशे चाळीस.
तो वरचा रुपया मला ठाऊक आहे.
सांगतो. आधी चहा घ्या.
हा मंडळाच्या खर्चातला नाही, माझ्या घरचा आहे.

सत्तावीस जणांनी वर्गणी दिली, तीनशेप्रमाणे.
चौघांची राहिली: दोघं गोव्याला ट्रॉलरवर,
एक लग्नात अडकला, स्वतःच्याच,
आणि आडिवरेकर मास्तर,
ते आंब्याचे पैसे सुटल्यावर देतात, पण देतात.
नारळीपुनवेच्या शर्यतीला चौदा होड्या, पन्नास रुपये प्रवेश.
पार्ल्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी पाच हजार धाडले,
त्यांचे आजोबा मुचकुंदीच्या याच धक्क्यावरून गेले म्हणून.
पावतीवर होडीचं चित्र हवं होतं त्यांना.
काढलं मी. शीड जरा वाकडं आलं.

खर्चाच्या पानाला ओल आहे, जपून उलटा.
दोर, कापूस, काजूचं तेल,
तुमच्या नाकाला झोंबतंय ते हेच.
सहा लाइफ जॅकेटं, जुनी.
एकावर अजून कुठल्याशा जहाजाचं नाव आहे
आणि सगळ्यात धाकट्या पोरीला नेमकं तेच लागतं.
परवाना दीड हजार. बंदराच्या साहेबांनी
होडी पाहिली नाही, शिक्का नीट पाहून मारला.
बक्षिसाला नारळ. हरलेल्यांनाही नारळ.
शिकवणाऱ्याच्या मानधनापुढे ही आडवी रेघ दिसते ना,
तिचं नाव शमसुद्दीन सोलकर. वय एकूणऐंशी.

आता मालमत्ता.
होडी, नग एक, नाव 'हौसा'.
आईनाचा कणा, फणसाच्या फळ्या, बांधणार तेच, सोलकर.
घसारा लावत लावत
ती खाली खाली आली.
तुमच्या आधीचे साहेब म्हणाले, शून्य लिहू नका,
वस्तू आहे तोवर एक रुपया ठेवा.
मी बत्तीस वर्षं पोस्टात होतो,
पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले तपासले.
मला ते लगेच कळलं.

माघातल्या सभेला नव्या हॉटेलचा माणूस आला.
भांगाची ओहोटी होती, होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या.
म्हणाला, हौसा द्या. अडीच लाख.
मधोमध कापून उभी करू,
अर्ध्यात बर्फ, अर्ध्यात कोशिंबिरी.

कुणी हसलं नाही, साहेब.
माझ्या पेन्सिलीने आपणहून भागाकार केला:
आठशे तेहेतीस वर्गण्या, वर शंभर रुपये.
फायबरच्या दोन नव्या होड्या आल्या असत्या, पोरांना.
मी तोंड उघडणारच होतो.
खोटं कशाला बोलू, 'हो' म्हणायलाच.

तेवढ्यात दाराशी बसलेल्या चाचांनी विचारलं,
"वहीत काय किंमत लिवलीय हिची?"
म्हटलं, एक रुपया.
"मंग ह्यो घे."
नाणं टेबलावर ठेवलं
आणि गुडघाभर चिखलातून चालत
तिच्यापाशी जाऊन बसले, पाठ आमच्याकडे.

ठराव कुणी मांडला नाही, अनुमोदनाचा प्रश्नच आला नाही.
हॉटेलवाल्याचा चहा निवला. (कप चौतीस, रुपये सहाशे बारामध्ये धरलाय.)

आता हे नाणं लिहू कुठे?
विक्री म्हणावी तर ठराव नाही.
देणगी म्हणावी तर ते तसं म्हणाले नाहीत.
परत द्यायला दोनदा गेलो,
दोन्ही वेळा सांदण खाऊन आलो, नाणं खिशात तसंच.
म्हणून पेटीत आहे, बिडीच्या कागदात, कोपऱ्यात.
लाल पेन्सिलीने गोल करायचा तर करा,
पुढल्या वर्षीही निघेल.

जरा इकडे सरकता? खिडकीत उजेड अडतोय.
पाणी चढलं. ढकलली बघा तिला.
चाचा धक्क्यावरूनच ओरडतायत,
आणि सुकाणूवर ती जहाजाच्या नावाची पोरगी.

हां. सही इथे, खाली.
तुमचं उमटत नसेल तर हे पेन घ्या.